ढेप्याचा उपास

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही एक कुत्रा आहात. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. तुमचा एक माणूस आहे. तो उठला की तुम्ही उठता, तो निघाला की तुम्ही निघता. आणि एका सकाळी त्या माणसाला चौघे जण उचलून जीपमध्ये घालतात, दार लागते आणि जीप धुरळा उडवत निघून जाते. त्याला कुठे नेले, कशाला नेले, कधी परत आणणार, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. सांगितले असते तरी कळले नसते, कारण तुम्ही कुत्रा आहात. आता तुम्ही काय कराल?

विचार करत राहा. तोवर अमडापुरात काय झाले ते ऐका.

अमडापूरच्या कडेला, शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंजाबराव एकटेच राहत. एकटे म्हणजे माणसांत एकटे. सोबत ढेप्या होता. हे पिल्लू त्यांना गोठ्यात, म्हशीच्या ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, पोत्यावर झोपलेले सापडले होते, म्हणून त्याचे नाव ढेप्या. दोघांचे चांगले चालले होते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका सकाळी गुरांच्या हौदाच्या काठावर चढून पंजाबराव आतले शेवाळ खरवडत होते, आणि शेवाळाने शेवाळासारखेच केले. ते घसरले ते थेट खाली दगडांवर.

त्या वेळी शेजारच्या अन्नपूर्णाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. आपल्याकडे शेवटची भाकर कुत्र्याची असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ढेप्या धावत आला आणि भुंकायला लागला, तेव्हा त्यांना वाटले की स्वारी वेळेआधीच आली.

"थांब नं बे," त्या म्हणाल्या. "तुही भाकर तव्यावर बी पडली नाही अजून."

ढेप्याने त्यांच्या लुगड्याचा काठ दातात धरला आणि ओढायला लागला. अन्नपूर्णाबाईंनी फुंकणी उगारली. तेवढ्यात त्यांची नात छकुली म्हणाली, "आजी, त्याले भाकर नाही पाह्यजे. पाह्य, तो भाकरीकडं पाहूनच नाही राह्यला."

छकुली चौथीतून पाचवीत गेली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. ती ढेप्याच्या मागे धावली, तिच्या मागे फुंकणी हातात घेतलेल्या अन्नपूर्णाबाई धावल्या, आणि पंजाबराव सापडले.

मांडीचे हाड मोडले होते. बुलढाण्याला न्यायचे ठरले. पंजाबरावांचा पुतण्या गजेंद्र जीप घेऊन आला. जीपमध्ये घालताना पंजाबराव कण्हत होते, तरी त्यांनी छकुलीचा हात धरला.

"छकुले, ढेप्या तुह्या हवाली. त्याले उपाशी ठेवू नको, बरं."

"हाव, आबा. मी पाह्यतो त्याच्याकडं," छकुली म्हणाली. वऱ्हाडात मुलीही पुष्कळदा 'पाह्यतो' असेच म्हणतात, आणि जे म्हणतात ते करतातही.

आता गावातल्या श्वानमित्र मंडळाची ओळख करून द्यायला हवी. या मंडळाचे अध्यक्ष होते प्रेमानंद पोस्टमन. जगभर कुत्रे पोस्टमनच्या मागे लागतात. अमडापुरातही लागत, पण ते शेपटी हलवत लागत. प्रेमानंदांच्या खाकी पिशवीत टपालाच्या खाली बिस्किटांचा पुडा असे. उन्हाळ्यात चौकाचौकांत पाण्याची घमेली भरून ठेवणे, थंडीत ओट्यांवर पोती अंथरणे, लसीच्या दिवशी गावभरचे कुत्रे गोळा करणे, ही कामे हे मंडळ करी. कोणी बाळंतपणाला किंवा लग्नाला परगावी गेले तर त्यांचा कुत्रा सांभाळायची जबाबदारीही मंडळच घेई.

प्रेमानंद लगेच आले. सोबत जनावरांच्या डॉक्टर सारिका मॅडमनाही घेऊन आले. ढेप्या रस्त्याच्या मधोमध बसून जीप गेली त्या दिशेला बघत होता.

सारिका मॅडमनी सगळ्यांना अन्नपूर्णाबाईंच्या अंगणात जमवले आणि शांतपणे समजावले. "हे बघा, कुत्र्यालाही दुःख होतं. एखाद दिवस तो जेवणार नाही, घाबरू नका. त्याला एकाच घरी ठेवा, एकाच ठिकाणी, एकाच वेळी खायला द्या. अन्नपूर्णाकाकू देतील. बाकी कोणीही त्याला एक घाससुद्धा घालायचा नाही. दया आली म्हणून जो तो घालत सुटला, तर तो बिमार पडेल."

"बरोबर हाये," प्रेमानंद म्हणाले. "मंडळाचा नियमच समजा."

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तसा निरोप गेला. पाहता पाहता निरोपाखाली सगळ्यांचे होकाराचे अंगठे उमटले. चक्कीवाल्या दयारामने तर दोन्ही हात जोडलेलेही पाठवले. बसस्टँडजवळच्या हॉटेलवाल्या रामरावांचा अंगठा आला नाही, कारण ते ग्रुपमध्ये नव्हते. आपल्याला कुत्रे आवडत नाहीत, असे ते येता-जाता सांगत.

पहिल्या संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी भाकर दुधात कुस्करून ढेप्यापुढे ठेवली. ढेप्याने वास घेतला आणि तोंड फिरवले.

पंजाबरावांचा फोन आला. त्यांनी आपल्या पायाबद्दल अवाक्षर काढले नाही. "वहिनी, ढेप्या जेवला का?"

अन्नपूर्णाबाईंना खोटे बोलता येत नसे. "नाही जेवला, पंजाबभाऊ. पन जेवन उद्या."

पलीकडून आवाज आला, "मंग मले घरी आना."

"अहो, पाय मोडला नं तुमचा."

"पायाचं पाहू मंग. ते लेकरू तिकडं उपाशी, अन् मी इकडं गादीवर झोपून राहू का?"

गजेंद्रने फोन घेतला आणि बाहेर जाऊन हळूच सांगितले की मांडीत रॉड टाकावा लागणार आहे. डॉक्टर म्हणतात, लवकर करा. उशीर झाला तर पाय आखूड राहील, मग काठीशिवाय चालणे जमणार नाही. पण पंजाबराव कोणाला पायाला हात लावू देत नाहीत. "काकू, काहीबी करा, पन त्या कुत्र्याले जेवू घाला," गजेंद्र म्हणाला. "ढेप्या जेवला, एवढं ऐकलं की काका हो म्हनतीन."

म्हणजे बघा, मुलांनो, एका माणसाचा पाय एका भाकरीवर येऊन थांबला.

अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला. त्यांच्या दारातून आजवर कोणी उपाशी गेले नव्हते. वाट चुकलेला फेरीवाला नाही, वीज कंपनीचा माणूस नाही, एवढेच काय, एकदा मत मागायला आलेले दोन्ही पक्षांचे लोक एकाच पंगतीला जेवून गेले होते. आणि हा एवढासा कुत्रा त्यांच्या ताटाकडे पाठ करून बसतो म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी पोळी आणि तूप झाले. ढेप्याने वास घेतला, उसासा टाकला आणि पाय लांब करून आडवा झाला. मग खिचडी झाली. मग दहीभात झाला. ढेप्या प्रत्येक वेळी ताटापर्यंत जाई, मान वाकडी करून अन्नपूर्णाबाईंकडे बघे, आणि पाहुण्याने हात जोडून 'आता पुरे' म्हणावे तसा मागे सरके.

"अंडं देऊन पाह्यलं का?" प्रेमानंदांनी विचारले.

अन्नपूर्णाबाई माळकरी होत्या. त्यांच्या घरात अंड्याचे नावही काढत नसत. फारच गरज पडली तर 'ते पांढरं' म्हणत.

त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्रेमानंद, माह्या चुलीवर नाही. तिकडं, लिंबाच्या पलीकडं, तीन विटा मांड. भांडं तुह्या घरचं आन. अन् वारा कुठून वाह्यते ते पाहून पेटव, वास इकडं नाही आला पाह्यजे."

प्रेमानंदांनी टपालाची पिशवी फांदीला अडकवली आणि कडुलिंबाखाली अंडी उकडली. अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून पाठमोऱ्या बसल्या आणि मधून मधून विचारत राहिल्या, "खाल्लं का? खाल्लं का नाही?"

ढेप्याने अंड्याकडे बघितले, जांभई दिली आणि अंड्यावरच हनुवटी टेकून डोळे मिटले.

मग मात्र गावात बातमी पसरली. पंजाबरावांच्या कुत्र्याने अन्न सोडले. लोक बघायला यायला लागले. बायका अंगणात पाऊल टाकण्याआधी चपला काढत. एका बापाने आपल्या पोराला मुद्दाम आणले आणि सांगितले, "पाह्य. याले म्हन्तात जीव लावनं. नाहीतर तू. मी गावाले गेलो तं मोबाईलचा चार्जर कुठी हाये एवढंच इचारतो."

रामरावसुद्धा आले. "सोंग हाये सारं," ते म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसत निघून गेले. दयाराम आला, तो नुसताच उभा राहिला. त्याच्या भुवयांवर पीठ होते आणि नजर जमिनीवर होती. खरे म्हणजे जो येई तो ढेप्याकडे बघताना जरासा चुळबुळत असे. लोकांना वाटले, हे दुःख आहे.

ढेप्याने ताटाला तोंड लावले नाही, एवढेच पंजाबरावांना रोज फोनवर कळत होते. छकुलीला आपला शब्द आठवत होता, आणि तिचे स्वतःचे जेवणही धड होत नव्हते. रात्री ती ढेप्याच्या बाजूलाच गोधडी टाकून झोपायची. असेच एकदा तिने त्याच्या गळ्यात हात घातला, तेव्हा तिला पट्टा घट्ट लागला. तिने तो एका भोकाने सैल केला. पुढच्या दिवशी आणखी एका भोकाने सैल करावा लागला.

"आजी," ती म्हणाली, "उपाशी राह्यलं की बारीक होते नं मानूस?"

"होते."

"मंग हा जाडा काऊन होऊन राह्यला?"

अन्नपूर्णाबाईंनी क्षणभर विचार केला. "दुःखानं अंग सुटते कोनाकोनाचं," त्या म्हणाल्या आणि घाईघाईने मागच्या दाराकडे निघून गेल्या.

छकुलीला हे उत्तर पटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ढेप्या उठून फाटकाबाहेर पडला, तेव्हा ती त्याच्या मागे गेली. पुढे तो, बऱ्याच अंतराने ती. दुपारी परत आली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता. आल्या आल्या ती बादलीभर पाणी प्यायली आणि गप्प बसली.

त्याच संध्याकाळी गजेंद्रचा निरोप आला. डॉक्टरांनी शेवटचे सांगितले होते. ऑपरेशन उद्या सकाळी झाले तर झाले, नाहीतर ते जबाबदारी घेणार नाहीत. पंजाबराव म्हणतात, 'ढेप्याला जेवताना मला डोळ्यांनी दाखवा, नाहीतर उद्या सकाळी मी रिक्षात बसून घरी येतो.' तेव्हा व्हिडिओ कॉल करा.

प्रेमानंदांनी तयारी केली. मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर तांब्याला टेकवून उभा केला. ढेप्यासमोर ताट मांडले. ताटात पोळी होती, तूप होते, भात होता, आणि ताटाबाहेर, वेगळ्या पानावर, 'ते पांढरं' होते. अंगण भरून गेले. मंडळाचे सगळे सभासद आले होते. रामराव बसस्टँडकडे चाललो होतो असे म्हणत आले, पण बसस्टँड उलट्या दिशेला होता.

मोबाईलच्या पडद्यावर पंजाबरावांचा चेहरा उमटला. गाल बसलेले, दाढी वाढलेली. "ढेप्या," ते म्हणाले.

ढेप्याचे दोन्ही कान उभे राहिले. एरवी एकच राही. तो उठला. उठायला त्याला अंमळ वेळ लागला. आधी पुढचे पाय उचलले, मग मागचे, मग मधल्या भागाची वाट बघावी लागली. मोबाईलजवळ जाऊन त्याने पडदा चाटला. मग कट्ट्याच्या मागे जाऊन बघितले. मागे पंजाबराव नव्हते. तो परत आला आणि ताटाशेजारी धपकन बसला.

"खा, बेटा," पंजाबराव म्हणाले.

ढेप्याने ताटाकडे बघितले आणि भरल्या पोटी येते तशी एक मोठी ढेकर दिली.

पंजाबराव पडद्याला डोळे भिडवून बघत होते. ते ओरडले, "अरे, हा तं सुजला. गजेंद्र, पाह्य रे, माहं लेकरू सुजलं. पोट पाह्य त्याचं. उपासानं पानी भरलं पोटात. गाडी सांग. आत्ता सांग."

"काका, पाय—"

"जाऊ दे पाय. पाय दोन हायेत, ढेप्या एक हाये."

अंगणात गलका झाला. अन्नपूर्णाबाई रडायला लागल्या. प्रेमानंद सारिका मॅडमना बोलवायला धावले. त्या दवाखाना बंद करून निघालेल्याच होत्या, तशाच आल्या. तोवर तिकडे गजेंद्र काकांना थोपवून धरत होता. "एवढं डॉक्टरीन बाई काय सांगते ते तं आयका, मंग जाऊ."

सारिका मॅडमनी ढेप्याला आडवा केला. पोट दाबून बघितले. पापण्या उलटून बघितल्या. तोंड उघडून वास घेतला. पुन्हा वास घेतला. मग त्या सरळ उठून उभ्या राहिल्या.

"हा उपाशी नाही," त्या म्हणाल्या. "याच्या पोटात आता घासभरही जागा नाही. याला बेसन घातलंय कोणीतरी. तेलकट काहीतरी. कोणी घातलं?"

अंगणातले सगळे लोक एकदम आभाळाकडे बघायला लागले. आभाळात बघण्यासारखे काही नव्हते.

तेव्हा छकुली पुढे आली. "मॅडम, मी आज ढेप्याच्या मागं मागं गेल्ती."

"कुठे कुठे गेला तो?"

"पहिले गेला रामरावकाकाच्या हॉटेलात."

"माह्याकडं नाही," रामराव म्हणाले. "मले कुत्रे आवडतच नाहीत."

"काका, तुम्ही त्याले आलुबोंडा देल्ला. फुकून फुकून, गार करून देल्ला."

रामरावांनी उपरणे झटकले. पुन्हा खांद्यावर टाकले. "एकच देतो मी," ते शेवटी म्हणाले. "अन् तो बी बिनमिरचीचा. सकाळी त्याच्यासाठी वेगळा काढतो. मुकं जनावर हाये, कोनी घालूनच नाही राह्यलं त्याले, मंग काय करता?"

"मग?" सारिका मॅडमनी विचारले.

"मंग पोस्टाच्या ओट्यावर गेला."

प्रेमानंदांनी आपली पिशवी पाठीमागे घेतली. पिशवीत पुडा खसखसला. "मंडळाचा अध्यक्ष म्हणून," ते म्हणाले, आणि पिशवी आणखी मागे सारली. "मॅडम, चूक झाली. मले वाटलं, बाकी सारे नियम पाळून राह्यले, मंजे हा नक्की उपाशी असन."

"पुढं चक्कीवर," छकुली म्हणाली.

"माह्या डब्यातली पोळी," दयारामने लगेच सांगून टाकले. "अर्धी. नाही, पुरी. भाजीसंगं."

बघा, कशी गंमत असते. प्रत्येकाचा दुसऱ्यावर पूर्ण विश्वास होता. दुसरे नियम पाळतात, म्हणून ढेप्या उपाशी आहे, म्हणून मी एकट्याने गुपचूप दिले पाहिजे, असे प्रत्येकाला वाटले. जेवढा एकमेकांवर विश्वास जास्त, तेवढे ढेप्याचे पोट मोठे.

"आणि त्यानंतर?"

छकुली थांबली. तिने आजीकडे बघितले. मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितले.

"सांग की," प्रेमानंद म्हणाले. आता आणखी कोणी सापडले तर त्यांना हवेच होते.

"ती काय सांगन," अन्नपूर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मीच सांगतो. दुपारी येते तो मागच्या दारी. मी त्याले शिरा देतो. गुळाचा. तूप घालून. नियम मोडला, म्हनून पंजाबभाऊले सांगाची लाज वाटली."

"काकू," सारिका मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळी त्याला जेवू घालायचं काम तुमचंच होतं ना? मग दुपारी चोरून कशाला?"

"संध्याकाळी तो जेवत नाही नं, बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "म्हनून दुपारी द्या लागते."

सारिका मॅडम कट्ट्यावर बसल्या आणि त्यांच्या कोपराचा धक्का तांब्याला लागला. तेव्हा कुठे सगळ्यांना आठवले की मोबाईल चालूच आहे.

पडद्यावर पंजाबराव होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

"आलुबोंडा," ते सावकाश म्हणाले. "बिस्कुट. पोळी-भाजी. शिरा."



"काकांनी इथं आल्यापासून ताटाले हात लावला नाही," मागून गजेंद्रचा आवाज आला. "चहावर हायेत. म्हन्ले, ढेप्या जेवत नाही तं मी कसा जेवू."

"गप रे," पंजाबराव म्हणाले. "मी इकडं खिचडी वापस करून राह्यलो, अन् हे साहेब तिकडं शिरा खाऊन राह्यले. वा रे ढेप्या. मले वाटलं, माह्यासाठी जीव द्याले बसला. हा तं जीव खाऊन राह्यला गावाचा." त्यांचा चेहरा पडला होता. उपासाने नव्हता पडला तेवढा आता पडला. "मंजे मी नसलो तरी चालते म्हना त्याले."

अंगणात कोणाला हसू येत होते, त्याचे ओठांतच विरले. ढेप्या आवाजाकडे कान लावून बसला होता.

छकुली तुळशीपाशी गेली आणि मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"आबा, तो खायाले नाही जात."

"मंग काय भजनाले जाते?"

"तुम्हाले पाह्याले जाते. मी मागं होती नं. हॉटेलात गेला की तो आधी त्या भिंतीकडच्या बाकड्याखाली जाते. तिथं हुंगते. मंग बाकड्याच्या दुसऱ्या बाजूनं जाऊन पाह्यते. मंग बसते अन् रस्त्याकडं तोंड करून वाट पाह्यते. आलुबोंडा मंग येते."

"भिंतीकडच्या?" पंजाबरावांनी विचारले. "क्यालेंडर लावलेल्या?"

"हाव. अन् पोस्टात पायरीवर. अन् चक्कीवर ते उलटं ठेवलेलं डालं हाये नं, त्याच्यापाशी."

"डाल्यावर मी बसतो," पंजाबराव हळूच म्हणाले.

"अन् आमच्या मागच्या दारी, तुम्ही कुंपनावरून भाजी देता नं आजीले, तिथं. समोरच्या अंगनात तुम्ही कधी बसतच नाही, म्हनून इथं तो नुसता झोपते. सारे त्याले खायाले देतात म्हनून तो खाते, आबा. नाही म्हनाले त्याले येत नाही. पन खाऊन झालं की उठते अन् पुढच्या जागी जाते, तुम्हाले पाह्याले."

एवढे बोलणे छकुली आयुष्यात एका दमात बोलली नव्हती. ती धाप टाकत थांबली. रामरावांनी या वेळी उपरण्याने डोळे उघडपणे पुसले.

पडद्यावर आधी पंजाबरावांची हनुवटी दिसली, मग छत दिसले, मग काहीच दिसेना. त्यांनी फोन छातीवर ठेवला असावा. तिथूनच आवाज आला.

"गजेंद्र, डॉक्टरले सांग, करा म्हना सकाळी. पाय सरळ झाला पाह्यजे. बाकड्यावर जाऊन बसा लागन मले. नाहीतर ते येडं किती दिवस हुंगत फिरन?" मग थोडे थांबून ते म्हणाले, "अन् खिचडी हाये का अजून? का नेली?"

खिचडी होती. नर्सबाईंनी बजावले की आता पोटभर खाऊन घ्या, मध्यरात्रीनंतर ऑपरेशन होईपर्यंत पाणीसुद्धा मिळणार नाही. पंजाबराव म्हणाले, "आता कुठी मी जेवाले लागलो, तं तुम्ही उपाशी ठेवा लागल्या." पण ताट त्यांनी चाटूनपुसून साफ केले. गजेंद्रने रिकाम्या ताटाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर पाठवला.

सारिका मॅडमनी ढेप्याला दोन वेळचा सक्तीचा उपास सांगितला. या वेळी खरा. नुसते पाणी. आणि नियम पुन्हा समजावून सांगितला. कोणीही अंगठा दाखवला नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, तेव्हा आता पाळतील असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुलढाण्याला पंजाबरावांना ऑपरेशनच्या खोलीत नेले, साधारण त्याच सुमारास इकडे ढेप्या उठला, अंग ताणले आणि फाटकाकडे निघाला. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "छकुले, त्याले बांध. मोकळा सुटला की लोकाईचा हात राहत नाही."

छकुलीने दोरी हातात घेतली. ढेप्याकडे बघितले. मग दोरी परत खुंटीला अडकवली आणि चपला घातल्या.

या वेळी ती त्याच्या मागे राहिली नाही, बरोबरीने चालली. हॉटेलात रामराव हात पाठीमागे घेऊन उभे होते.

"काका, हात दाखवा," छकुली म्हणाली.

रामरावांनी हात पुढे केला. हातात बिनमिरचीचा आलुबोंडा होता. त्यांनी तो निमूटपणे स्वतःच खाल्ला.

ढेप्या बाकड्याखाली शिरला. छकुलीही गुडघे टेकून खाली वाकली आणि त्याच्याबरोबर नीट, मन लावून शोधायला लागली. अलीकडे बघितले, पलीकडे बघितले. मग ती बाकड्यावर, कॅलेंडरखालच्या जागेवर बसली. ढेप्या तिच्या पायांशी बसला. दोघेही रस्त्याकडे तोंड करून काही वेळ वाट बघत राहिले. एक एसटी आली, माणसे उतरली, एसटी गेली.

छकुलीने त्याच्या पडलेल्या कानापाशी तोंड नेले.

"इथं तं नाहीत," ती म्हणाली. "चाल, पोस्टात पाहू."